धावणाऱ्यांच्या दुखापती : शरीरातील कारणे व कुटुंबीयांनी घ्यावयाची दक्षता

दरवर्षीच्या अहवालात एखाद्या व्याधीविषयी सर्वसामान्यांस उपयोगी पडेल असा एक लेख देण्याची आपली प्रथा आहे. यंदाचा विषय वाचून काही हितचिंतकांस थोडे आश्चर्य वाटेल, कारण धावणे ही व्याधी नाही. उलट अनेक व्याधींवर आम्हीच तो उपाय म्हणून सांगत असतो. तथापि अस्थिरोग आणि भौतिकोपचार विभागांच्या बाह्यरुग्ण कक्षात अलीकडे दोन प्रकारची माणसे धावण्यामुळे पाय धरून येतात. पहिला वर्ग चाळिशी-पन्नाशीच्या नोकरदारांचा. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. त्यानंतर गावोगावी अशा शर्यती होऊ लागल्या आणि आयुष्यात कधी न धावलेली मंडळी पहाटे रस्त्यावर दिसू लागली. दुसरा वर्ग अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींचा. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत मुलांसाठी हेच अंतर ५ किलोमीटर असून ते २४ मिनिटांत पुरे करावयाचे असते.

पहिल्या वर्गास पाय दुखला तर छंद काही महिने बाजूस ठेवता येतो. दुसऱ्या वर्गातील मुलाचे वय भरतीच्या मर्यादेजवळ आलेले असते, अकादमीची फी भरण्यासाठी घरात कोणी उसनवारी केलेली असते, आणि म्हणून तो दुखणे लपवितो. प्रस्तुत लेख प्रामुख्याने त्याच्या आई-वडिलांसाठी लिहिला आहे. कोणाच्या पायास धोका अधिक, हे शरीराकडे पाहून कितपत सांगता येते, याचा येथे विचार केला आहे.

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहू. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. साठ किलो वजनाच्या मुलाने पाऊल टाकले की सव्वाशे ते पावणेदोनशे किलोंचा दाब त्या एका पायातून वर जातो. एक पाऊल सुमारे एक मीटरचे धरले, तर पाच किलोमीटरमध्ये अशी पाच हजार पावले पडतात. यांतील कोणतेही एक पाऊल हाड मोडू शकत नाही. धावणाऱ्यांच्या बहुसंख्य दुखापती पडल्या-झडल्याने होत नाहीत. त्या साठत जातात. म्हणूनच कोठे, केव्हा, कसे झाले, या प्रश्नांस रुग्णाजवळ बहुधा उत्तर नसते आणि घरच्यांस तो कामचुकारपणा वाटतो.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात लांब पल्ल्याच्या धावपटूंवरील निरनिराळे अभ्यास एकत्र तपासले गेले. पायाच्या दुखापतींचे प्रमाण कोणत्या अभ्यासात १९ टक्के, तर कोणत्यात ७९ टक्क्यांपर्यंत आढळले. आकड्यांतील ही तफावत पाहून गोंधळून जाऊ नये. दुखापत कशास म्हणावे आणि कोणते धावपटू मोजावेत, यावर ती अवलंबून असते. सर्वांत अधिक दुखणारा भाग मात्र बहुतेक अभ्यासांत गुडघा हाच होता. भरतीच्या तरुणांत गुडघ्याइतकीच किंवा त्याहून अधिक काळजी आम्हांस नडगीच्या हाडाची वाटते.

हाडाची डागडुजी

न पडता, न आपटता हाड मोडते, हे वैद्यकास प्रथम सैनिकांनीच शिकविले. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करून आलेल्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. त्यास कारण उमगले नाही, कारण क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. पुढे दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, अशाच पावलांच्या छायाचित्रांत तळपायाच्या लांब हाडांना गेलेल्या बारीक चिरा दिसून आल्या. आज आपण यास स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. नडगी, तळपायाची लांब हाडे आणि क्वचित मांडीच्या हाडाची मान, या ठिकाणी ते आढळते.

हाड ही निर्जीव काठी नव्हे. त्यातील जुना, थकलेला भाग काढून टाकणाऱ्या पेशी आणि तेथे नवे हाड भरणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करीत असतात. ज्या दिशेने भार येतो, त्या दिशेने हाड स्वतःस मजबूत करून घेते, हा सिद्धांत जर्मन शल्यचिकित्सक वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. अडचण वेळापत्रकात आहे. जुने हाड कोरून काढण्यास सुमारे तीन आठवडे पुरतात. त्या जागी नवे हाड भरून ते पक्के होण्यास सुमारे तीन महिने लागतात. जुन्या वाड्याच्या भिंतीतील खचलेला दगड बदलावयाचा, तर गवंडी आधी तो काढतो आणि काही काळ भिंतीस खिंडार राहते. त्याच काळात वरून मजला चढविला तर काय होईल, हे सांगावयास नको.

आता भरतीच्या मुलाचे वर्ष पाहावे. जाहिरात येईपर्यंत तो शेतात, दुकानात किंवा कॉलेजात असतो. जाहिरात आली की दुसऱ्या दिवशी पहाटे तो डांबरी रस्त्यावर उतरतो, आठ दिवसांत दोन वेळा धावू लागतो. त्याचे हृदय आणि फुप्फुसे या सरावास लवकर सरावतात, दमही वाढतो, आणि त्यास वाटते की आपले शरीर तयार झाले. हाड मात्र अद्याप खिंडाराच्या अवस्थेत असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होणारे नडगीचे दुखणे म्हणूनच आम्ही कधीही हलके मानीत नाही.

सराव किती वेगाने वाढवावा, याविषयी आठवड्याला दहा टक्क्यांचा नियम पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. नियम सोपा असला तरी त्याचा आधार तितकासा भक्कम नाही. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावणाऱ्यांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटास ८ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम दिला, दुसऱ्यास १३ आठवड्यांचा संथ. दोन्ही गटांत दर पाचांमागे एकास दुखापत झाली. फरक पडला नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने या कोड्यावर काही प्रकाश टाकला. त्यात ५,२०५ धावणाऱ्यांची दीड वर्ष नोंद ठेवली होती. आठवड्याच्या एकूण बेरजेतील वाढीने धोका वाढल्याचे आढळले नाही. मात्र मागील ३० दिवसांत सर्वांत लांब जितके धावले, त्याच्या दहा टक्क्यांहून अधिक एखाद्या दिवशी एकदम धावले, तर दुखापतीचा धोका वाढला. आणि अंतर दुपटीहून अधिक केले, तर तो दुपटीच्याही वर गेला. म्हणजे घात करतो तो एखादाच अंगावर घेतलेला दिवस. रविवारी मित्रांबरोबर लावलेली पैज किंवा अकादमीतील पहिल्याच दिवशीची परीक्षा हे असे दिवस होत. ही गोष्ट प्रशिक्षकांपर्यंत पोहोचली तर आमच्याकडील गर्दी निश्चितच कमी होईल, असे आम्हांस वाटते.

पायाची ठेवण

तरीही तपासणीच्या टेबलाशी कुटुंबीयांचा पहिला प्रश्न सरावाविषयी नसतो. याचा तळवा सपाट आहे, गुडघ्याला गुडघा लागतो, म्हणून तर नाही ना, असे विचारले जाते. या भीतीस कारण आहे. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांवरून उमेदवार नाकारलाही जातो. परंतु भरतीस पात्र ठरणे आणि दुखापत होणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

इस्रायलच्या सैन्यातील २९५ नवीन जवानांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. चौदा आठवड्यांच्या प्राथमिक प्रशिक्षणात त्यांपैकी ३१ टक्के जवानांस स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे त्यात दिसले. या जवानांच्या तळव्यांची कमान आधी तपासलेली होती. ज्यांची कमान बसकी होती, त्यांस हा अस्थिभंग कमी झाला आणि उंच कमानीच्या जवानांस अधिक. उंच कमानीचे पाऊल ताठ असते आणि जमिनीचा धक्का ते फारसा जिरवीत नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांस एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत आत झुकणाऱ्या पावलांमुळे दुखापती वाढल्याचे आढळले नाही.

याचा अर्थ पावलाच्या ठेवणीस काहीच महत्त्व नाही, असा मात्र घेऊ नये. नडगीच्या आतील कडेस लांबवर दुखणे, ज्यास शिन स्प्लिंट म्हणतात, ते भार पडल्यावर कमान फार खाली बसणाऱ्यांत काहीसे अधिक आढळते. दोन्ही पायांच्या लांबीत फरक असेल तर तोही पाहावा लागतो. तसेच चवड्यावर उभे राहिल्यावरही ज्याची कमान उठत नाही, अशा ताठ आणि दुखऱ्या सपाट पावलाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावयास हवी. परंतु लवचीक, न दुखणारा सपाट तळवा हे धावणे सोडण्याचे कारण नाही, आणि त्यासाठी महागडे विशेष बूट घेण्याचेही नाही. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन दलात २००९-१० च्या सुमारास तीन चाचण्या झाल्या. त्यांत पावलाचा ठसा पाहून जवानांस त्यानुसार बूट दिले. तसे न करता सर्वांस एकच बूट दिलेल्या जवानांच्या तुलनेत दुखापती कमी झाल्या नाहीत. गरीब घरातील वडील पाच हजारांचे बूट घ्यावे का असे विचारतात, तेव्हा आमचे उत्तर असे असते : पायास सुखकर वाटणारा, फाटका-झिजलेला नसलेला, बोटांना जागा देणारा बूट पुरे. मात्र अनवाणी धावणाऱ्याने एकाएकी बूट घालून, किंवा बूटवाल्याने एकाएकी अनवाणी, नेहमीचे अंतर धावू नये.

तळव्यापेक्षा हाडाची जाडी अधिक बोलकी असते. त्याच इस्रायली संशोधकांस असे दिसले की, ज्यांच्या नडगीचे हाड अरुंद होते, त्यांस अस्थिभंग अधिक झाले. बारीक आणि जाड कळक हाताने वाकवून पाहिल्यास याचे कारण लक्षात येते. जाडी थोडी वाढली तरी वाकण्यास होणारा विरोध पुष्कळ वाढतो. ऑस्ट्रेलियात १११ मैदानी खेळाडूंवर वर्षभर झालेल्या, १९९६ साली प्रसिद्ध अभ्यासात मुलींच्या बाबतीत पोटरीचा घेर हा एक उपयुक्त अंदाज ठरला. घेर जितका कमी, तितका धोका अधिक. पोटरीचे स्नायू नडगीवरील वाकविणारा ताण वाटून घेतात, आणि स्नायू थकले की तो हाडावर येतो. ही मोजणी शिंप्याच्या टेपने होते, हे आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयास विशेष सांगावेसे वाटते.

हाडाची रुंदी एका महिन्यात वाढविता येत नाही. तिची पायाभरणी वाढत्या वयात होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका इस्रायली अभ्यासात, सैन्यात येण्यापूर्वी किमान दोन वर्षे नियमित चेंडूचे खेळ, प्रामुख्याने बास्केटबॉल, खेळलेल्या जवानांस स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी दिसले. या खेळांत उड्या, वळणे, थांबणे यांमुळे हाडावर अनेक दिशांनी भार येतो. आपल्या खो-खो आणि कबड्डीतही हेच घडते. शाळेतील खेळाचा तास गणितासाठी घेतला जातो, तेव्हा याचाही विचार व्हावा.

जुनी दुखापत

शरीराविषयीच्या सर्व घटकांत सर्वाधिक अभ्यासांत टिकून राहिलेला घटक एकच आहे : पूर्वी झालेली दुखापत. गेल्या वर्षी ज्याचा पाय दुखला, त्याचा यंदाही दुखण्याचा संभव इतरांहून अधिक. याची कारणे अनेक. जखम पुरी भरलेली नसते. दुखऱ्या बाजूचे स्नायू बारीक झालेले असतात. त्या पायास जपण्याच्या सवयीने दुसऱ्या पायावर भार पडतो. आणि ज्या चुकीच्या सरावाने पहिल्यांदा दुखले, तोच सराव पुन्हा सुरू होतो. दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला, असे समजून परतणाऱ्या रुग्णांस आम्ही बऱ्या पायाच्या चवड्यावर वीस-पंचवीस वेळा वर-खाली होण्यास सांगतो आणि मग तेच दुखावलेल्या पायावर करावयास लावतो. बारा-पंधरालाच पाय थरथरू लागला की मुलास स्वतःलाच उत्तर कळते; आम्हांस उपदेश करावा लागत नाही.

धावण्यापूर्वी स्नायू ताणण्याने दुखापत टळते, ही समजूत सर्वत्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १,५३८ जवानांवर झालेल्या, २००० साली प्रसिद्ध चाचणीत अशा ताणण्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. ज्यांची मूळची धावण्याची क्षमता कमी होती, त्यांस मात्र त्या अधिक झाल्या. सुरुवातीस दहा मिनिटे भरभर चालून अंग गरम करावे. ताणणे ज्यास बरे वाटते त्याने अवश्य करावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

ताट आणि झोप

हाड भरून काढणाऱ्या पेशींस माल लागतो. भरतीची तयारी करणारी मुले वजन उतरविण्यासाठी रात्रीचे जेवण टाळतात, मुली उपवासांत भर घालतात, आणि खर्च मात्र दुप्पट झालेला असतो. शरीराची ही तूट दीर्घकाळ राहिली की ते प्रथम अत्यावश्यक नसलेली कामे थांबविते. मुलींमध्ये मासिक पाळी लांबते किंवा बंद होते, आणि तिच्याबरोबर हाडांचे संरक्षण करणारे संप्रेरकही घटते. वर उल्लेखिलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात स्ट्रेस फ्रॅक्चर झालेल्या मुलींत पाळीच्या तक्रारी अधिक आणि हाडांची घनता कमी आढळली होती. मुलांतही ही तूट हाडांस बाधक ठरते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेस स्त्री-पुरुष दोहोंस लागू पडणारे नवे नाव दिले.

धावणाऱ्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर ती सरावाची खूण समजू नये. ही गोष्ट मुली प्रशिक्षकास सांगत नाहीत, पुष्कळदा आईसही सांगत नाहीत. आईने विचारावे, आणि स्त्रीरोग विभागात आणावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

अमेरिकी नौदलातील ५,२०१ महिला प्रशिक्षणार्थींवर झालेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अर्ध्यांस आठ आठवडे रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले गेले. त्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर वीस टक्क्यांनी कमी झाले. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. भाकरी, विशेषतः नाचणीची, डाळी-उसळी, दूध-ताक, तीळ, परवडेल तेथे अंडी आणि भरपूर जेवण, एवढे घरीच होऊ शकते. धावणाऱ्या मुलाच्या ताटात रोज एक भाकरी अधिक पडावी, हे आम्ही औषधाच्या चिठ्ठीवरही लिहितो.

झोपेविषयीची माहिती पुष्कळांस अनपेक्षित वाटते. इस्रायली सैन्याने स्ट्रेस फ्रॅक्चर कमी करण्यासाठी बूट, आतील तळवे, औषधे असे अनेक उपाय पंचवीस वर्षे करून पाहिले. २००८ साली त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार, रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केल्यावर आणि एकूण कूच कमी केल्यावर हे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक उतरले. रात्रपाळी करून पहाटे चारला धावणाऱ्या मुलाच्या पालकांनी यावर विचार करावा.

चाळिशीनंतर धावणाऱ्यांविषयी

या वर्गाचा नेहमीचा प्रश्न, धावण्याने गुडघे झिजतात का, असा असतो. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, खुबा वा गुडघा झिजण्याचे प्रमाण छंद म्हणून धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी तीव्र सराव करणाऱ्यांत १३.३ टक्के होते. धावणाऱ्यांतील काही लोक मुळातच निरोगी असतात, हे लक्षात घेऊनही माफक धावण्याची भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही. ज्यांचे वजन पुष्कळ अधिक आहे, त्यांनी मात्र काही महिने भरभर चालावे आणि मग मध्ये-मध्ये थोडे धावावे. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर पावले किंचित आखूड व भरभर टाकून पाहावीत. दर मिनिटास पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढविल्यास खुबा व गुडघा यांवरील भार घटतो, असे २०११ सालच्या प्रयोगशाळेतील मोजमापांत दिसून आले आहे. यास एक पैसाही लागत नाही.

केव्हा आणावे

नडगीच्या कडेस वीतभर पसरलेले, धावताना सुरू होणारे आणि अंग गरम झाल्यावर विरणारे दुखणे बहुधा शिन स्प्लिंटचे असते. सराव कमी करून ते आवरते. परंतु एका बोटाने दाखविता येईल अशी जागा दुखत असेल, दिवसेंदिवस लवकर दुखू लागत असेल, साधे चालतानाही किंवा रात्री अंथरुणात ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करावे आणि रुग्णालयात यावे. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून समाधान मानू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये चीर पुष्कळदा दिसतच नाही. एम.आर.आय.मध्ये ती दिसते, पण तो खर्चिक आहे. म्हणून डॉक्टरांच्या बोटांनी केलेली तपासणी आणि सरावाची खरी हकीकत यांचे मोल आमच्याकडे फार आहे.

जांघेतील दुखणे याहून वेगळे समजावे. तरुण धावणाऱ्यास जांघेत खोलवर दुखू लागले आणि त्या पायावर भार देणे अवघड झाले, तर मांडीच्या हाडाच्या मानेस चीर गेली असण्याची शक्यता असते. अशा मुलाने एका पायावर उड्या मारून पाहू नये, मालिश करून घेऊ नये आणि धावणे पूर्णपणे थांबवून त्याच दिवशी यावे. चीर मानेच्या वरच्या बाजूस असेल तर ती सरकण्याचा धोका असतो आणि बहुधा स्क्रू घालून हाड बसवावे लागते. ती सरकली, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून वयाच्या विशीतच सांधा निकामी होऊ शकतो. चाचणीच्या सकाळी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन धावणे अशा मुलास कायमचे अपंग करू शकते. ते देणाऱ्यांनीही याचे भान ठेवावे.

नडगीचे साधे स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरते. या काळात सायकल किंवा विहिरीत पोहणे यांनी दम टिकविता येतो. नंतर आधी तीस मिनिटे न दुखता चालणे, मग चालण्यात मिनिटभराचे धावणे, एक दिवस आड, आणि डांबरापेक्षा मातीच्या मैदानावर, असा क्रम आम्ही आखून देतो. या मुलांपैकी काहींस एम.आर.आय. आणि कुबड्यांचा खर्चही झेपत नाही. देणगीदारांनी रुग्णसाहाय्य निधीस हातभार लावताना त्यांचीही आठवण ठेवावी, अशी विनंती आहे.

तपासणीस येताना धावण्याचे जुने बूट आणावेत. त्यांच्या तळाची झीज आम्ही पाहतो. मागील दोन महिन्यांत कोणत्या दिवशी किती धावले, याची नोंद वहीच्या एका पानावर लिहून आणावी. पूर्वीचे एक्स-रे, घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांची नावे आणि मुलीच्या बाबतीत पाळीच्या तारखाही त्यात असाव्यात. भरतीच्या चाचणीची तारीख ठरली असेल, तर ती प्रथम सांगावी. उपचाराचे वेळापत्रक त्या तारखेपासून उलटे मोजूनच आखावे लागते, आणि चार आठवडेच उरले असतील तर या खेपेस धावता येईल की नाही, हे त्याच दिवशी स्पष्टपणे सांगता येते.